‘दारिद्र्य आणि जागतिक विकास’ हा राज्यशास्त्राचा पेपर घेताना: ठाणे-नवी मुंबईच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

राज्यशास्त्राच्या एम.ए.ला किंवा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला हा विषय वेगवेगळ्या नावांनी भेटतो: ‘विकासाचे राजकारण’, ‘जागतिक विकास’, ‘दारिद्र्य आणि सार्वजनिक धोरण’. पेपर अवघड नाही, पण पहिल्या महिन्यात दोन प्रकारचे विद्यार्थी हमखास अडखळतात. एक, ज्यांना गरिबीबद्दल मनापासून कळकळ आहे आणि जे प्रत्येक उत्तर कळकळीनेच भरतात. दोन, ज्यांनी स्पर्धा परीक्षेची तयारी केलेली असते आणि जे योजनांची नावे, वर्षे आणि लाभार्थी ओळीने लिहून मोकळे होतात. दोघांचेही उत्तर अपुरे राहते, कारण पेपर राज्यशास्त्राचा आहे. गरीब कोण हे कोणी ठरवले, मोजणी कोणी केली, पैसा कोणाचा, अटी कोणाच्या आणि चुकले तर जाब कोणाला विचारता येतो, या प्रश्नांची उत्तरे इथे हवी असतात. हे प्रश्न पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. सत्र संपेपर्यंत प्रत्येक विषय त्यांच्यावरूनच तपासायचा आहे.

नाव नोंदवण्याआधी

अभ्यासक्रमाची पीडीएफ विभागाच्या किंवा विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि तीन गोष्टी बघा. पेपर किती श्रेयांकांचा (क्रेडिटचा) आहे, अंतर्गत मूल्यमापनाला किती गुण आहेत आणि वाचनसाहित्य कोणत्या भाषेत आहे. चार श्रेयांकांचा पेपर म्हणजे साधारण साठ तासांची तासिका, म्हणजे पंधरा आठवडे, आठवड्याला चार तास. त्याच्या दीडपट वेळ घरच्या वाचनाला धरा. नोकरी करून शिकणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा, नंतर पेपर निवडावा.

मुंबई विद्यापीठाचा नागरिकशास्त्र आणि राज्यशास्त्र विभाग कालिन्याला विद्यानगरीत आहे. ठाण्याहून मध्य रेल्वेने किंवा वाशी-नेरुळकडून हार्बरने कुर्ल्यापर्यंत आणि पुढे बस किंवा रिक्षा, असा रोजचा रस्ता. हा प्रवास वाचनाचा वेळ म्हणून मोजू नका. गर्दीत उभे राहून बातम्या वाचून होतात, पंचवीस पानांचा वाद मांडणारा लेख वाचून होत नाही. ज्यांना रोज जाणे जमणार नाही त्यांच्यासाठी विद्यापीठाचे दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण केंद्र आहे. शिवाय ‘स्वयम्’ या सरकारी मंचावर विकास अभ्यासाचे पेपर अधूनमधून येतात. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, परीक्षेला शुल्क असते. ‘स्वयम्’चे श्रेयांक आपल्या पदवीत धरायचे असतील तर ते तुमच्या महाविद्यालयाने मान्य केले आहेत का, हे नाव नोंदवण्याआधी लेखी विचारून घ्या. परीक्षा दिल्यावर विचारले तर श्रेयांक लटकून राहतात.

अर्थशास्त्र झालेले नसेल तर घाबरू नका. टक्केवारी, सरासरी, मध्यक आणि महागाईनुसार जुन्या रकमेचे आजचे मोल काढणे, एवढे गणित पुरते. मराठीतून उत्तरे लिहिणार असाल तर माध्यमाची नोंद अर्जात बरोबर झाली आहे ना, हे पाहून घ्या.

पहिला टप्पा: दारिद्र्यरेषा

नव्या विद्यार्थ्याला हा भाग आकडेमोडीचा आणि कंटाळवाणा वाटतो आणि तो उरकला जातो. हीच सर्वांत महागात पडणारी घाई. पुढचे सगळे वाद याच पायावर उभे आहेत, म्हणून निदान तीन आठवडे इथे द्या.

सुरुवात जवळून करा. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा जो अभ्यास मांडला, त्यात माणशी रोज २२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च ही कसोटी होती. १९७९ च्या सरकारी कार्यगटाने ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० उष्मांक धरले. मग १९९३ ची लकडावाला समिती, २००९ ची तेंडुलकर समिती, २०१४ ची रंगराजन समिती. तेंडुलकर समितीने उष्मांकांचा थेट आधार सोडला आणि शिक्षण व आरोग्यावरचा खर्चही रेषेत धरला. तिच्या पद्धतीने २०११-१२ साठी देशाची रेषा ग्रामीण भागात माणशी महिना ८१६ रुपये आणि शहरात १००० रुपये निघाली, गरीब २१.९ टक्के. त्याच वर्षासाठी रंगराजन समितीची रेषा ९७२ आणि १४०७ रुपये, गरीब २९.५ टक्के. वर्ष तेच, माणसे तीच, फक्त रेषा सरकली आणि कोट्यवधी माणसे रेषेच्या अलीकडची पलीकडे गेली. रंगराजन समितीचा अहवाल सरकारने अधिकृतपणे स्वीकारला नाही आणि त्यानंतर उपभोग खर्चावर आधारलेली नवी अधिकृत रेषा आलेली नाही. ही गोष्ट पेपरात राजकीय घटना म्हणून लिहायची असते, तळटीप म्हणून नाही.

२०११ च्या सप्टेंबरात नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात सांगितलेली रेषा दिवसाला शहरात ३२ रुपये आणि गावात २६ रुपये होती. तेव्हा देशभर गदारोळ झाला. तो गदारोळ रकमेवरून होता, पण तुम्ही रकमेच्या मागे जा: रेषा फक्त मोजण्यासाठी वापरायची की शिधा कोणाला द्यायचा हेही तिच्यावरून ठरवायचे? हे दोन उपयोग वेगळे ठेवता आले की या घटकाचा निम्मा गुंता सुटतो.

आता घरातली एक वस्तू समोर घ्या: शिधापत्रिका. महाराष्ट्रात पिवळी, केशरी आणि पांढरी. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळते, अंत्योदय (सर्वांत गरीब) कुटुंबाला महिन्याला पस्तीस किलो. प्राधान्य कुटुंबासाठी राज्याने ठेवलेली वार्षिक उत्पन्नमर्यादा शहरात ५९,००० आणि ग्रामीण भागात ४४,००० रुपये. वहीत भागाकार करा. ५९,००० भागिले बारा म्हणजे महिना सुमारे ४,९१७ रुपये, पाच माणसांच्या घरात माणशी ९८३. ग्रामीण आकडा येतो माणशी ७३३. तेंडुलकर पद्धतीने महाराष्ट्राची २०११-१२ ची रेषा शहरात ११२६ आणि गावात ९६७ होती. म्हणजे शिध्याची मर्यादा एका तपापूर्वीच्या दारिद्र्यरेषेच्याही खाली आहे. तरीही राज्यात सुमारे सात कोटी लोक या कायद्याच्या कक्षेत आहेत, कारण किती लोकांना धान्य द्यायचे हा कोटा केंद्राने २०११ च्या जनगणनेवरून ठरवलेला आहे: महाराष्ट्राच्या ग्रामीण लोकसंख्येच्या ७६.३२ टक्के, शहरी लोकसंख्येच्या ४५.३४ टक्के. कागदावरची उत्पन्नमर्यादा आणि प्रत्यक्षातला कोटा यांचा मेळ लागत नाही. मग या दोहोंच्या मधल्या जागेत नाव घालणे-काढणे कोणाच्या हातात राहते? तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, शिधावाटप कार्यालय, स्थानिक नगरसेवक यांची भूमिका इथे दिसू लागते. एवढे एक उदाहरण नीट मांडता आले तर अंतर्गत परीक्षेचे एक पूर्ण उत्तर तयार झाले असे समजा.

मग जागतिक रेषा. जागतिक बँकेने १९९० मध्ये दिवसाला एक डॉलर ही कसोटी आणली. पुढे ती १.२५, मग २०१५ मध्ये १.९०, २०२२ मध्ये २.१५ आणि जून २०२५ मध्ये ३ डॉलर झाली. इथे जवळजवळ प्रत्येक नवा विद्यार्थी एकच चूक करतो: डॉलरला बाजारभावाने गुणतो. हे डॉलर क्रयशक्ती समानतेचे असतात, म्हणजे त्याच वस्तू घ्यायला दोन देशांत किती पैसे लागतात त्यावरून काढलेले. २०१७ च्या किमतींच्या तुलनेवरून भारतासाठी एका डॉलरमागे सुमारे २०.६५ रुपये हा गुणक होता, बाजारभाव मात्र ६५ च्या पुढे. म्हणून २.१५ डॉलर म्हणजे दिवसाला १४० रुपये नव्हे, ४४-४५ रुपयांच्या आसपास, तेही २०१७ च्या किमतींत. बँक प्रत्यक्षात घरगुती उपभोगाचा वेगळा गुणक वापरते, त्यामुळे तिचा आकडा थोडा इकडेतिकडे होतो. उत्तरात रेषेचा आकडा लिहिताना किमती कोणत्या वर्षाच्या आहेत हे लिहिलेच पाहिजे. नाहीतर आकडा निरर्थक होतो.

आणखी एक खाच आहे ती पाहणीच्या प्रश्नावलीत. ‘गेल्या तीस दिवसांत किती खर्च केला’ असे विचारले तर एक उत्तर येते, ‘गेल्या सात दिवसांत’ विचारले तर वेगळे. १९९९-२००० च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत अन्नावरचा खर्च दोन्ही प्रकारे, शेजारशेजारच्या रकान्यांत विचारला गेला. एका उत्तराचा दुसऱ्यावर परिणाम झाला आणि दारिद्र्य ३६ टक्क्यांवरून २६.१ टक्क्यांवर आले ते खरे किती, यावर अर्थतज्ज्ञांत मोठा वाद झाला. २०१७-१८ च्या पाहणीचे निकाल सरकारने प्रसिद्धच केले नाहीत. २०२२-२३ च्या पाहणीत एकाऐवजी तीन भेटी आणि तीन प्रश्नावल्या होत्या, म्हणून २०११-१२ शी तिची सरळ वजाबाकी करता येत नाही. जागतिक बँकेच्या ३ डॉलरच्या रेषेने भारतातले आत्यंतिक दारिद्र्य २०११-१२ मध्ये २७.१ टक्के आणि २०२२-२३ मध्ये ५.३ टक्के येते. हा आकडा वापरायला हरकत नाही, पण त्याच्या मागोमाग पद्धत बदलल्याचे वाक्य आलेच पाहिजे. परीक्षक तेच वाक्य शोधत असतो.

बहुआयामी दारिद्र्याचा निर्देशांक त्यामानाने सरळ. २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने आणि ऑक्सफर्डच्या एका केंद्राने तो आणला: आरोग्य, शिक्षण, राहणीमान हे तीन आयाम, दहा निर्देशक, प्रत्येकाला ठरलेला भार, आणि कुटुंब वंचित असलेल्या निर्देशकांचा भार एक तृतीयांश किंवा अधिक झाला की ते गरीब. नीती आयोगाने त्यात माता-आरोग्य आणि बँक खाते घालून बारा केले. त्यानुसार २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात प्रमाण २४.८५ वरून १४.९६ टक्क्यांवर आले. बँक खाते घातल्याने काय बदलते, हा चर्चेचा प्रश्न वर्गात नक्की येतो. खाते उघडणे सरकारी मोहिमेने पटकन होते, कुपोषण तसे पटकन हटत नाही.

सिद्धांत: दोन आठवडे पुरेत

आधुनिकीकरणाचा विचार म्हणतो की गरीब देश श्रीमंत देशांच्याच वाटेवर आहेत, फक्त मागे. अवलंबित्वाचा विचार म्हणतो की श्रीमंत देशांशी जोडले गेल्यामुळेच ते मागे राहिले. राऊल प्रेबिश यांचा व्यापारशर्तींचा मुद्दा (कच्च्या मालाच्या किमती पक्क्या मालाच्या मानाने घसरत जातात) आणि १९६४ चे संयुक्त राष्ट्रांचे व्यापार व विकास संमेलन इथे बसते. दादाभाई नौरोजींचा संपत्तीच्या निचऱ्याचा सिद्धांत त्याच्या कितीतरी आधीचा आहे. अवलंबित्वावर लिहिताना तो जोडला तर उत्तराला आपला आधार मिळतो. मग १९८९ मध्ये जॉन विल्यम्सन यांनी नाव दिलेली वॉशिंग्टन सहमती (खुला बाजार, खासगीकरण, सरकारी खर्चाला आवर), अमर्त्य सेन यांचा क्षमतांचा दृष्टिकोन (माणूस प्रत्यक्षात काय करू शकतो, यावरून विकास जोखणारा), संस्थांवर भर देणारे अॅसेमोग्लू-जॉन्सन-रॉबिन्सन, आणि ‘विकास’ ही कल्पनाच सत्तेची भाषा आहे असे म्हणणारे विकासोत्तर अभ्यासक. प्रत्येकाचे एकेक पान काढा. पानावर चारच गोष्टी: गरिबीचे कारण काय मानतो, उपाय कोणी करावा, कोणता देश त्याला अडचणीत आणतो, त्याचा मोठा टीकाकार कोण. दक्षिण कोरिया हा देश जवळजवळ प्रत्येकाला अडचणीत आणतो, म्हणून त्याचा वेगळा अर्धा पान इतिहास लिहून ठेवा.

संस्था आणि त्यांची उत्तरदायित्वे

१९४४ च्या ब्रेटन वूड्स परिषदेतून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक आल्या, हे सगळेच लिहितात. त्यापुढे जा. नाणेनिधीत मते देशाच्या वाट्यानुसार असतात. अमेरिकेकडे सुमारे साडेसोळा टक्के मते आहेत आणि मोठ्या निर्णयांना ८५ टक्के लागतात, म्हणजे एकट्या अमेरिकेचा नकार पुरतो. भारताचा संचालक बांगलादेश, श्रीलंका आणि भूतान यांच्याही वतीने बसतो. बँकेचा अध्यक्ष प्रथेने अमेरिकेने सुचवलेला, निधीचा प्रमुख युरोपातला. सध्याचे बँकेचे अध्यक्ष अजय बंगा पुण्याच्या खडकीत जन्मले, पण त्यांचे नाव अमेरिकेने पुढे केले होते. जन्मस्थान आणि नामनिर्देशन यांतला फरक इथे लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मग कर्जसंकट: १९८२ मध्ये मेक्सिको, पुढे लॅटिन अमेरिका आणि आफ्रिका, कर्जाबरोबर संरचनात्मक समायोजनाच्या (सरकारी खर्चात कपात, बाजार खुला करणे अशा) अटी. भारताचे १९९१ याच चौकटीत वाचा, पण सरसकट नको. भारताने सोने गहाण ठेवले, निधीकडून कर्ज घेतले, तरी सुधारणांचा क्रम आणि वेग पुष्कळसा दिल्लीत ठरला. झांबिया किंवा टांझानिया यांना तेवढी मोकळीक नव्हती. का नव्हती, हे लिहिले की उत्तर राज्यशास्त्राचे झाले.

उत्तरदायित्वाचा घटक शिकायला महाराष्ट्राइतके चांगले उदाहरण क्वचित सापडेल. सरदार सरोवराला जागतिक बँकेने १९८५ मध्ये कर्ज मंजूर केले. नर्मदा खोऱ्यातल्या विरोधामुळे बँकेने मोर्स समिती नेमली. तिने जून १९९२ मध्ये पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्हींवर कठोर अहवाल दिला, आणि मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नाकारले. त्याच वर्षी सप्टेंबरात बँकेने तपासणी मंडळ स्थापन केले, ज्याच्याकडे प्रकल्पबाधित लोक थेट तक्रार करू शकतात. महाराष्ट्रातले मणिबेली हे गाव या सगळ्याच्या केंद्रस्थानी होते. बुडीत क्षेत्रातल्या आदिवासी गावांनी जागतिक संस्थेचा नियम बदलायला लावला, ही या पेपरातली सर्वांत मोलाची घटना आहे. तिची दुसरी बाजूही लिहा: कर्ज गेले, धरण मात्र झाले. बाहेरचा सावकार निघून गेला की बाहेरचा अंकुशही जातो.

हे मंडळ पुढे मुंबईच्याच कामी आले. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाला बँकेने २००२ मध्ये कर्ज दिले. रस्त्यांसाठी हलवलेल्या दुकानदारांनी आणि रहिवाशांनी २००४ मध्ये तक्रारी केल्या, मंडळाने चौकशी केली आणि मार्च २००६ मध्ये बँकेने काही महिने निधी थांबवला. कुर्ला-ठाणे दरम्यानच्या वाढीव मार्गिका याच प्रकल्पातल्या. लोकलने वर्गाला जाताना तुम्ही या घटकावरूनच जात असता. दोन्ही प्रकरणे एकमेकांशेजारी ठेवून तुलना केली तर असाइनमेंटला तयार विषय मिळतो.

मदत, प्रयोग आणि रोजगार हमी

श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी, असे संयुक्त राष्ट्रांनी १९७० मध्ये ठरवले. मोजकेच देश तिथवर पोचतात. सॅक्स (मदत वाढवा) विरुद्ध ईस्टर्ली (बाहेरच्या मदतीने विकास होत नाही) हा वाद वाचा, पण त्यातच अडकून राहू नका. तो पुष्कळ जुना झाला आहे.

यादृच्छिक चाचण्यांबद्दल (चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली काही गावे योजनेत घ्यायची आणि बाकीच्यांशी तुलना करायची), ज्यासाठी बॅनर्जी, डुफ्लो आणि क्रेमर यांना २०१९ चे नोबेल मिळाले, एक प्रयोग पूर्ण समजून घ्या. उदयपूर जिल्ह्यातल्या गावांत नियमित लसीकरण शिबिरे भरवल्यावर पूर्ण लसीकरणाचे प्रमाण ६ वरून १८ टक्के झाले. प्रत्येक लसीला एक किलो डाळ आणि शेवटी ताटांचा संच दिल्यावर ३९ टक्के. पद्धत चोख आहे. राज्यशास्त्राचा प्रश्न त्यापुढे सुरू होतो: सरकारी परिचारिका केंद्रावर का नसते, तिची बदली कोण करतो आणि हीच डाळ आरोग्य खात्याने वाटली असती तर ती वेळेवर आली असती का?

याउलट बाजूचे उदाहरण तुमच्या किंवा घरातल्या कोणाच्या पगाराच्या पावतीवर छापलेले असते. ‘व्यवसाय कर’: दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाला २५००. हा कर महाराष्ट्राने १९७५ मध्ये लावला तो रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला. १९७२ च्या दुष्काळातल्या कामांतून आकाराला आलेली ही योजना, वि. स. पागे यांचा त्यामागचा आग्रह, १९७७ चा कायदा, १९७९ पासून अंमल. शहरातल्या पगारदारांवर कर बसवून गावातल्या मजुराला कामाचा हक्क द्यायचा, हे बाहेरच्या मदतीशिवाय आणि बाहेरच्या अटींशिवाय घडले. २००५ च्या केंद्रीय कायद्याचे मूळ इथे होते. कोणत्या राजकीय जुळणीमुळे हे शक्य झाले, बागायतदारांनी त्याला विरोध का केला नाही, पुढे कामे का आटली, या तीन प्रश्नांवर उत्कृष्ट निबंध लिहिता येतो. मराठी विद्यार्थ्याने तो सोडू नये. देशातले इतर विद्यार्थी याच योजनेसाठी भाषांतरांवर अवलंबून असतात, तुम्हाला विधिमंडळातल्या चर्चा आणि तेव्हाची वर्तमानपत्रे मुळातून वाचता येतात.

वाचायचे कसे

आठवड्याला दोन लेख नीट वाचले तर पुष्कळ झाले. आधी सारांश आणि शेवटचा भाग, मग सुरुवात, मग मधला मजकूर. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून मराठीत पाच ओळी लिहा: प्रश्न, दावा, पुरावा, कोणाशी वाद, आणि तुमची एक शंका. पाचवी ओळ सुचत नसेल तर लेख समजलेला नाही, पुन्हा मधला भाग वाचा. पिवळ्या मार्करने अर्धे पान रंगवण्याचा उपयोग होत नाही.

मराठीतली ‘अर्थबोधपत्रिका’ आणि ‘समाज प्रबोधन पत्रिका’ यांचे जुने अंक शोधा. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. विद्यानगरीच्या जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात नियतकालिकांचे बांधीव खंड मिळतात. आकड्यांसाठी राज्याची आर्थिक पाहणी आणि ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ ही दोन्ही सरकारी प्रकाशने मराठीत निघतात.

टर्म पेपर: विषय जवळचा, प्रश्न लहान

‘भारतातील दारिद्र्य: एक अभ्यास’ हा विषय देऊ नका. वाशीच्या बाजार समितीतले माथाडी आणि १९६९ चा कायदा, भिवंडीचे यंत्रमाग आणि २००५ मध्ये संपलेला जागतिक वस्त्र-कोटा, सिडकोचे भूसंपादन आणि साडेबारा टक्के योजना, वीटभट्टीवर येणारी कातकरी कुटुंबे आणि त्यांचा शिधा गावाकडे राहणे, यांतला कोणताही एक घ्या. मग प्रश्न एका वाक्यात लिहा. वाक्यात ‘का’ किंवा ‘कोणी’ नसेल तर पुन्हा लिहा.

इथल्या आकड्यांत दोन सापळे आहेत. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. चौथी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१५-१६ ची असली तरी तिने २०११ च्या जनगणनेतले जिल्हे धरले, म्हणून तिच्या ‘ठाणे’मध्ये जव्हार-मोखाडा आहेत. पाचव्या पाहणीच्या ‘ठाणे’मध्ये नाहीत. दोन्हींची तुलना करून ‘ठाण्यात कुपोषण घटले’ असे लिहिले तर सीमा बदलल्याचे श्रेय योजनेला जाते. दुसरा सापळा नवी मुंबईचा. महापालिकेचे क्षेत्र ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, पनवेल, उलवे रायगड जिल्ह्यात. सिडकोची नवी मुंबई आणि महापालिकेची नवी मुंबई एक नाही. कोणती घेतली ते पहिल्या पानावर सांगा.

मुलाखती घेणार असाल तर मार्गदर्शकाची लेखी परवानगी आधी घ्या, सहा ते आठ जणांपुरत्या ठेवा, आणि नावे बदला. वस्तीत गेल्यावर लोक विचारतात, ‘यातून आम्हाला काय मिळणार?’ खरे उत्तर द्या: काही नाही, हा कॉलेजचा अभ्यास आहे. फॉर्म भरून घेतोय असा समज होऊ दिला तर लोक उत्पन्न कमी सांगतात, आशा लावून बसतात, आणि तुमच्यानंतर जाणाऱ्या विद्यार्थ्याला दार बंद होते. परवानगीशिवाय घरांचे आणि मुलांचे फोटो काढू नका. प्रेझेंटेशनच्या पहिल्या स्लाइडवर उघड्या गटाराशेजारी बसलेले मूल लावण्याची पद्धत तर पूर्ण सोडा.

तीन हजार शब्दांच्या पेपरात पार्श्वभूमीला पाचशेहून जास्त शब्द गेले की विश्लेषणाला जागा उरत नाही, आणि गुण तिथेच जातात. पहिला खर्डा मुदतीच्या तीन आठवडे आधी दाखवा. शेवटच्या आठवड्यात शिक्षक वाचतात, पण तेव्हा सुधारायला वेळ नसतो.

सत्रान्त परीक्षा

मागच्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका घ्या. प्रश्न बहुधा ‘चर्चा करा’ किंवा ‘चिकित्सक परीक्षण करा’ असे असतात. दुसऱ्या प्रकारात तुमची बाजू पहिल्या परिच्छेदातच यायला हवी. पंधरा गुणांच्या उत्तरात एक संकल्पना, दोन उदाहरणे (एक भारतातले, एक बाहेरचे), एक प्रतिवाद, एवढे पुरते. शाश्वत विकासाची सतरा उद्दिष्टे पाठ करून ओळीने लिहू नका. त्याऐवजी २००० च्या आठ उद्दिष्टांपेक्षा २०१५ च्या सतरांमध्ये गरीब देशांचा आवाज जास्त होता का आणि १६९ लक्ष्ये झाल्याने कोणाला सुटका मिळाली, हे लिहा. आकडा नक्की आठवत नसेल तर अंदाजाने दशांश टाकू नका. ‘सुमारे पाचातला एक’ हे चालते, चुकीचे २१.४ चालत नाही. आणि पेपर सुरू होताच, उत्तरपत्रिकेवर माध्यमाच्या रकान्यात ‘मराठी’ लिहिले आहे ना, ते पर्यवेक्षकाची सही होण्याआधी बघून घ्या.